केबल क्लिपमध्ये सरकली पाहिजे

केबल क्लिपच्या पाकिटावर एक आकडा छापलेला असतो. ५, ६, ७, ८, १० असा काहीतरी. तो खिळ्याच्या लांबीचा नसतो, क्लिपच्या रुंदीचाही नसतो. क्लिपच्या पोटात किती मिलिमीटर जाडीची केबल बसेल, एवढंच तो सांगतो. तरी घरात वायरी लावायला निघालेला माणूस केबल न मोजताच पाकीट उचलतो, ‘मधला आकार घेऊ, सगळ्याला चालेल’ म्हणून. मधला आकार कशालाच धड चालत नाही. बारीक केबल त्यात लोंबते, जाड केबल चेपते.

माझं काम मुद्रितशोधनाचं, तेही घरी बसून, त्यामुळे टेबलाभोवती वायरींचा गराडा कायमचा. अप्पा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर वायरमन होते. आता त्यांना शिडीवर चढायला बंदी आहे (ती मीच घातली), म्हणून ते खुर्चीत बसून सूचना देतात आणि हातोडी माझ्या हातात असते. घरातल्या सगळ्या उघड्या केबली, म्हणजे इंटरनेटची फायबर, राउटरपासून टेबलापर्यंतची नेटवर्क केबल, टीव्हीची कोॲक्स, आम्ही अशाच नव्याने लावल्या. भिंतीआतल्या विजेच्या वायरिंगला हात लावला नाही. ते परवाना असलेल्या माणसाचं काम, आणि हे मला बजावणारे अप्पाच.

क्लिप ठोकून झाली की त्यांची परीक्षा ठरलेली. ‘अगं, ओढून बघ. सरकते?’ सरकली तर पास. क्लिपचं काम केबल धरून ठेवण्याचं आहे, आवळण्याचं नाही. दोन बोटांनी हलकेच ओढल्यावर केबल क्लिपमधून पुढे जायला हवी, आणि सोडल्यावर जागच्या जागी राहायला हवी. मला सुरुवातीला हा म्हाताऱ्या माणसाचा चोखंदळपणा वाटायचा. पण कारणं एकेक करून पाहिली तर ती वेगवेगळ्या केबलींची वेगवेगळी आहेत, आणि सगळी खरी आहेत.

नेटवर्क केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पीळ शोभेचा नाही. शेजारच्या जोडीचा आणि बाहेरचा गोंगाट त्यामुळे कापला जातो. केबल चेपली की जोडीतल्या तारांमधलं अंतर बदलतं, तिथे सिग्नलला वेगळा अवरोध लागतो आणि त्याचा काही भाग उलटा फिरतो. ही केबल १०० ओहमची (ओहम हे अवरोधाचं एकक) म्हणून बनवलेली असते आणि ते १०० तिच्या आकारातून येतात. टीव्हीच्या कोॲक्सचं तसंच. मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात पांढरा फोम असतो, त्याच्या जाडीवर तिचे ७५ ओहम ठरतात. क्लिप जोरात ठोकून फोम दाबला की केबल बाहेरून धडधाकट दिसते आणि चित्र मात्र अधूनमधून फुटतं. दोष सापडायला सगळ्यात कठीण तो हाच. विजेच्या वायरीला ओहमचं एवढं कौतुक नाही, पण तिच्यात उष्णता असते. दाबलेल्या जागी आवरण पातळ होतं आणि ते पातळपण वर्षानुवर्षं तसंच तापत, निवत राहतं.

म्हणून आधी मापं. व्हर्नियर कॅलिपर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कागदाची पट्टी केबलभोवती एकदा गुंडाळायची, टोक मिळतं तिथे खूण करायची, पट्टी सपाट करून मोजायची आणि ३.१४ ने भागायचं. टीव्हीसाठी घरोघरी असते ती आरजी-६ कोॲक्स अशी मोजली तर पट्टी साधारण २२ मिमी भरते, म्हणजे केबल ७ मिमीची. नेटवर्क केबलीतली कॅट-५ई ही जात बहुधा ५ मिमीच्या आसपास, कॅट-६ सहाच्या आसपास. ‘बहुधा’ म्हणते, कारण एकाच नावाच्या केबलीत कंपनीगणिक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि क्लिपमध्ये तो अर्धा मिलिमीटर जाणवतो. मोजमाप दोन आकारांच्या मध्ये आलं तर मोठा आकार घ्यावा.

चपट्या केबलीच्या क्लिपांचा घोळ वेगळाच. तिथे पाकिटावर कधी केबलची बाहेरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते, तर कधी आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. ‘२.५’ लिहिलेली क्लिप अडीच मिलिमीटरच्या वायरीसाठी नसते, २.५ चौरस मिलिमीटरची तार असलेल्या चपट्या केबलीसाठी असते, आणि ती बाहेरून साधारण १० मिमी रुंद भरते. एककाच्या शेजारचा तो छोटासा ‘२’ पाहिल्याशिवाय पाकीट फोडू नये. आणि गोल केबलला गोल क्लिप, चपटीला चपटी. चपटी केबल गोल क्लिपमध्ये उभी राहते, एका कडेवर दाब घेते आणि दिसतेही वाईट.

आता भिंत. माझ्या मते निवड इथे ठरते, आणि नेमका याच गोष्टीचा विचार पाकीट विकत आणल्यानंतर होतो.

नेहमीच्या क्लिपचा खिळा कडक पोलादाचा असतो. विटांच्या भिंतीवरच्या गिलाव्यात तो सुरेख जातो. काँक्रीटमध्ये जात नाही. खांबावर किंवा तुळईवर ठोकलात तर एक तर तो वाकतो, नाही तर गिलाव्याचा टवका उडतो आणि क्लिप त्या खड्ड्यात सैल बसते. बोटाच्या पेराने भिंत ठोकून आवाज ऐकायचा. भरीव, ठणठणीत आवाज आला तर चांगलं. पोकळ आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे आणि तिथे खिळा तग धरणार नाही. काँक्रीटवर ड्रिलने भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी बसवायची आणि स्क्रूवाली क्लिप किंवा सॅडल (केबलवरून जाऊन दोन्ही बाजूंना स्क्रूने बसणारी पट्टी) लावायचं. वेळ लागतो. पर्याय नाही.

भिंतीच्या पोटात काय आहे, हा त्याहून मोठा प्रश्न. लपवलेली वायर रीतीप्रमाणे बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी गेलेली असते. तेव्हा बटणांच्या आणि सॉकेटच्या रेषेत, त्या चारही दिशांना, खिळा मारायचा नाही. नळाच्या वरची उभी पट्टीही सोडायची, तिथे पाइप असतो. पण रीतीप्रमाणे काम केलेलं नसतं अशा भिंती पुष्कळ. अप्पांनी स्वतः लोकांच्या घरी तिरक्या गेलेल्या वायरी पाहिल्या आहेत, कारण कुणाला तरी दोन हात वायर वाचवायची होती. म्हणून भिंतीतला धातू आणि चालू वायर ओळखणारं यंत्र फिरवून घ्यावं, आणि तरीही त्या खोलीचा वीजपुरवठा मेनवरून बंद करूनच हातोडी उचलावी. यंत्र चुकू शकतं, बंद केलेला मेन स्विच चुकत नाही.

ठोकायची पद्धत सांगते. खिळा क्लिपमध्ये आधीच अर्धवट अडकवलेला असतो. क्लिप नोज प्लायरने धरायची, म्हणजे बोटं वाचतात. हातोडी हलकी, २०० ग्रॅमच्या आतली. शेवटचे दोन घाव अगदी हळू. खिळ्याचं डोकं प्लॅस्टिकला टेकलं की थांबायचं. आणखी एक घाव घालायचा मोह होतो, आणि केबल चेपते ती त्याच घावाने. आडव्या ओळीत मी सगळे खिळे खालच्या बाजूला ठेवते. म्हणजे केबलचं वजन क्लिपच्या भरीव भागावर येतं; खिळा वर ठेवला तर ते सगळं खालच्या पातळ ओठावर येतं आणि तो हळूहळू उघडतो. काही जण याच्या उलट करतात. दोन्हींपैकी काहीही करा, पण एका ओळीत एकच करा. ओळ सरळ यावी म्हणून आडवीला लेव्हल आणि उभीला ओळंबा. डोळ्यांच्या अंदाजाने सरळ वाटणारी ओळ छताच्या कडेशी नेली की वाकडी निघते, कारण छताची कडच वाकडी असते.

ओलसर भिंतीवर जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घ्या. साधा खिळा गंजतो आणि गंजाचा ओघळ पांढऱ्या रंगावर उतरतो.

चिकटवायच्या क्लिपांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण त्या वाईट आहेत असंही नाही. भाड्याच्या घरात, फरशीवर, काचेवर, लॅमिनेटच्या टेबलावर त्या उत्तम. रंगवलेल्या भिंतीवर मात्र त्या भिंतीला चिकटत नाहीत, रंगाला चिकटतात. आणि रंग भिंतीला किती चिकटलाय हे आपल्याला ठाऊक नसतं. काळं फडकं भिंतीवर घासून बघा. पांढरी भुकटी आली तर तिथे कुठलाही गोंद टिकणार नाही, मग पाकिटावर कितीही किलोचं वजन लिहिलेलं असो. भुकटी आली नाही तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, क्लिप अर्धा मिनिट जोरात दाबून धरायची, आणि केबल लगेच अडकवायची नाही. ॲक्रिलिक फोमच्या चांगल्या टेपला पूर्ण ताकद यायला खोलीच्या तापमानात ७२ तास लागतात. पहिल्या वीस मिनिटांत जेमतेम निम्मी येते. बहुतेक चिकट क्लिपा पडतात त्या या घाईमुळे. ताज्या रंगावर तर आठवडाभर तरी थांबायलाच हवं. ताण असलेल्या केबलला, म्हणजे जी वळणावरून उसळून सरळ व्हायला बघते तिला, चिकट क्लिप लावूच नये. त्या सततच्या ओढीपुढे गोंद आज ना उद्या हरतो.

एक बारीक गोष्ट इथेच. केबलचं पीव्हीसी आवरण लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं. गोंदाला त्याचा स्पर्श झाला की गोंद मऊ, चिकचिकीत होतो. थर्मोकोलला लागून पीव्हीसी वायर गेली असेल तर ते द्रव्य थर्मोकोल शोषून घेतो, थर्मोकोल विरघळल्यासारखा होतो आणि वायरचं आवरण कडक, ठिसूळ बनतं. छताला थर्मोकोलच्या फरशा असलेल्यांनी आत एकदा डोकावावं.

भिंतीला चिकटवलेली क्लिप काढायची असेल तर केसांच्या ड्रायरने टेप गरम करून मागून मजबूत दोरा करवतीसारखा ओढायचा. उपटली तर रंगाचा पोपडा घेऊनच येते.

दोन क्लिपांत अंतर किती? ब्रिटिश वायरिंग नियमांच्या मार्गदर्शिकेत ९ मिमीपर्यंतच्या केबलसाठी आडव्या ओळीत २५० मिमी आणि उभ्या ओळीत ४०० मिमी ही कमाल मर्यादा आहे. हलक्या केबलना सुरक्षिततेच्या दृष्टीने एवढं पुरतं, पण आडव्या ओळीत मधे झोळ दिसतो, म्हणून मी एका वितीपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही. अप्पांना तेही फार वाटतं. त्यांची उमेदवारी सागवानी बॅटनवरच्या वायरिंगमध्ये गेली. लाकडी पट्टीवर बारीक चुका मारून पातळ पत्र्याच्या लिंक क्लिपा लावायच्या, आडव्या १० सेंटिमीटरवर आणि उभ्या १५ सेंटिमीटरवर, मग वायर ठेवून पत्र्याचं टोक पट्ट्यासारखं दुमडायचं. त्या कामाची ओळ ज्याने पाहिली आहे त्याला आमच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टिकल्या पोरखेळ वाटल्या तर नवल नाही.

कोपऱ्यावर अंतराचा नियम बाजूला ठेवावा लागतो. केबल काटकोनात मुडपायची नाही, वळवायची. नेटवर्क केबलसाठी वळणाची त्रिज्या जाडीच्या निदान चौपट हवी. ६ मिमीची केबल असेल तर २४ मिमी. म्हणून कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना क्लिप तीन-चार सेंटिमीटर मागे घ्यायची आणि मधे केबलला तिचं वळण घेऊ द्यायचं. फायबरचं प्रकरण नाजूक. जुन्या पद्धतीच्या काचतंतूला ३० मिमी त्रिज्या लागते, नव्या वाकणाऱ्या जातींतली एक ७.५ मिमीलाही चालते. कुठली आहे ते आवरणावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: जी.६५२ म्हणजे जुनी, जी.६५७ म्हणजे वाकणारी. वाचता आलं नाही तर ३० धरून चालावं. तीव्र वळणावर तंतू तुटत नाही, पण प्रकाश काचेच्या कडेतून बाहेर निसटतो आणि इंटरनेट मंदावतं. मग आपण राउटर बंद-चालू करत बसतो.

विजेची वायर आणि नेटवर्क केबल एकाच क्लिपमध्ये कोंबू नये. दोघींत वीतभर अंतर ठेवावं, एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडू द्यावं. निव्वळ काचेच्या फायबरला हा नियम नाही, तिच्यात तांबं नसतंच.

याच्यापुढे नीटनेटकेपणाशी माझं भांडण सुरू होतं. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर क्लिपा मारून भिंतीवर कायमची बसवली की छान दिसते. ते करू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत लवचीक वायर कायमच्या वायरिंगच्या जागी वापरायला आणि इमारतीच्या पृष्ठभागाला ठोकून बसवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि कारण कुठल्याही घराला लागू पडणारं आहे. ती वायर हलवत राहण्यासाठी, डोळ्यांसमोर असण्यासाठी बनवलेली असते. भिंतीला लागली की ती विसरली जाते. तिच्यावर हीटर लागतो, इस्त्री लागते, आणि ती तापते हे कुणाच्या हाताला कळत नाही. तिथे सॉकेटच हवं असेल तर वीजकाम करणाऱ्याकडून सॉकेट बसवून घ्यावं.

दुसरं म्हणजे जुडगं. भार वाहणाऱ्या वायरी एकत्र बांधल्या की उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. ब्रिटिश तक्त्यांत दोन सर्किटं एकत्र गेली तर प्रत्येकाची वीज वाहण्याची क्षमता ०.८ पट धरतात, तीन गेली तर ०.७ पट. उरलेली वायर घट्ट गुंडाळून टायने आवळणं हा त्यातलाच प्रकार. सैल, लांबट घडी घालून मोकळी सोडावी. केबल टाय ही वस्तू १९५८ ची, थॉमस अँड बेट्स या अमेरिकी कंपनीतल्या मॉरस लोगन यांनी विमानातल्या वायरींच्या जुडग्यांसाठी शोधलेली. विमानात वायर रोज बदलत नाही. माझ्या टेबलाखाली बदलते, म्हणून तिथे वेल्क्रोच्या पट्ट्या, क्लिप एकही नाही.

उन्हात जाणाऱ्या केबलला काळ्याच क्लिपा. त्यातली काजळी अतिनील किरण अडवते. साधी पांढरी क्लिप उन्हाने ठिसूळ होऊन तुटते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत येत नाही.

राहिली धातूची क्लिप. ती मला जुनाट वाटायची, पण तिच्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. २००५ मध्ये इंग्लंडातल्या स्टीव्हनेज गावी हॅरो कोर्ट या बहुमजली इमारतीत आग लागली, २०१० मध्ये साउथॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये. दोन्ही ठिकाणी अग्निशमन दलाचे दोन-दोन जवान गेले, आणि दोन्ही ठिकाणी उष्णतेने आधार वितळून खाली लोंबलेल्या केबलींत माणसं अडकल्याचं पुढे आलं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं, पीव्हीसी तर ८० च्या आसपासच मऊ पडू लागतं; पेटलेल्या खोलीत छताजवळ तापमान कित्येक शे अंशांवर जातं. ब्रिटिश वायरिंग नियमांत २०१५ च्या दुरुस्तीने सुटकेच्या वाटांवर आणि २०१८ च्या आवृत्तीपासून सगळीकडे, आगीत अकाली खाली येणार नाहीत असे आधार बंधनकारक झाले. याचा अर्थ प्रत्येक क्लिप पत्र्याची हवी असा नाही. प्लॅस्टिकच्या वितळल्या तरी केबल वाटेत लोंबणार नाही, एवढ्या अंतरावर धातूच्या हव्यात.

आमच्याकडे मुख्य दारावरून आणि बोळातून छतालगत केबल जाते. तिथे मधे मधे धातूच्या क्लिपा स्क्रूने बसवल्या, आतून रबराचं अस्तर असलेल्या, म्हणजे पत्र्याची कड आवरणात रुतत नाही. अप्पांना उघडा पत्रा आवडतो, मला पांढरा हवा होता. पांढरा करायचा असेल तर क्लिप लावण्याआधीच रंगवून वाळवून घ्यावी. लावल्यावर ब्रश फिरवला की रंग केबलवर जातो, आणि ऑइलपेंटमधल्या द्रावकाचं आणि पीव्हीसीचं जमत नाही.